पाच नंबरची दिलगिरी

सूड म्हटला की लोकांच्या डोळ्यांपुढे कोयता येतो, विष येतं, गेलाबाजार कोर्टाची पायरी तरी येते. माझ्या थोरल्या मेहुणीने एका माणसाचा सूड घेतला तो फक्त दोन बटणं दाबून, आणि तीही त्याच्याच टेबलावरची. एक तार तुटली नाही, एक स्क्रू ढिला झाला नाही. मी साक्षीला होतो. साक्षीला कसला, कटात होतो. आता त्या कंपनीत मी नाही आणि माझ्या तोंडात दात नाहीत, तेव्हा बोलायला कोणाची भीती?

शहराला पाणी पुरवणारी कंपनी. तिथे मी मशिनं दुरुस्त करायचो, सगळे मला मिस्त्री म्हणायचे. कंपनीत पाणी बेताचं आणि तक्रारी धो धो. त्या तक्रारींना उत्तरं लिहायला तिसऱ्या मजल्यावर चौदा टेबलांचा पत्रविभाग होता, आणि त्या विभागाचा कणा म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. अख्खं ऑफिस तिला ताई म्हणायचं. मीही. घरी धाकटी आणि ऑफिसात थोरली, अशी दोन्ही पाळ्यांत बोलणी खायची माझी चोख व्यवस्था होती.

ताई टाइप करायला बसली की ऐकत राहावं. एकदा पंखा बंद पडला होता, तर तिच्या बोटांच्या वाऱ्याने शेजारच्या टेबलावरचे कागद उडाले. मानायचं तर माना. मी खिडकी बंद असल्याची खात्री करून घेतली होती.

तर बावीस वर्षांपूर्वी या बाईच्या ध्यानात आलं की लोकांच्या तक्रारी हजार तऱ्हेच्या, पण आपली उत्तरं जेमतेम डझनभर. कीबोर्डच्या सगळ्यात वरच्या रांगेत एफ-वन ते एफ-ट्वेल्व्ह अशी बारा बटणं असतात, पंगतीत न वाढलेल्या पाहुण्यांसारखी नुसती बसून. तिने माझ्याकडून एक छोटासा प्रोग्राम बसवून घेतला आणि प्रत्येक बटणाला एकेक वाक्य बांधलं. एक नंबर दाबला की ‘आपले पत्र मिळाले.’ चार नंबर, ‘आपल्या तक्रारीची गंभीर दखल घेण्यात आली आहे.’ पाच नंबर, ‘झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.’ आठवर ‘चौकशी सुरू आहे’, नऊवर ‘लवकरच योग्य ती कार्यवाही करण्यात येईल.’ प्रत्येक बटणावर तिच्या मोत्यासारख्या अक्षरात एक पांढरी चिकटपट्टी: दखल, दिलगीर, चौकशी, कार्यवाही. पाहता पाहता चौदाही टेबलं याच बारा वाक्यांवर जगू लागली. दिवसाला चाळीस पत्रं लिहिणारा माणूस दीडशे लिहायला लागला. पाणी तेवढंच यायचं, ती गोष्ट वेगळी.

आता दुसरा गडी. त्याचं नाव सोडा, मागे सगळे त्याला लोणीसाहेब म्हणायचे. तो लिफ्टमध्ये शिरताना लिफ्टचीही विचारपूस करायचा. आला तेव्हा एका बोटाने अक्षरं शोधत टाइप करायचा, जणू तांदळातून खडे वेचतोय. ताईने त्याला शेजारी बसवून वरची रांग शिकवली. तो त्या बारा बटणांवर तरबेज झाला, बाकीच्या कीबोर्डशी त्याने ओळखच वाढवली नाही. “ताई, तुम्ही माझ्या गुरू,” असं दिवसातून चारदा म्हणायचा, आणि प्रत्येक वेळी वरच्या मजल्यावर एक पायरी चढायचा. नऊ वर्षांत तो उपप्रमुख झाला आणि ताई आपली खिडकीशेजारच्या त्याच टेबलावर.

पुढे नवे लॅपटॉप आले. या लॅपटॉपांची वरची रांग दुतोंडी असते. त्या बटणांवर बारीक चित्रं असतात, आणि ती नुसती दाबली तर मशीन स्वतःचीच कामं करतं: कशाने आवाज बंद, कशाने माइक बंद, कशाने पडदा मंद, कशाने इंटरनेट गायब, कशाने बोट फिरवायची पाटी मुकी. आपली वाक्यं हवी असतील तर खालच्या कोपऱ्यातलं ‘एफएन’ नावाचं बटण धरून ठेवायचं आणि मग वरचं दाबायचं. नाहीतर सरळ ‘एफएन’ आणि वरच्या कोपऱ्यातलं ‘एस्केप’ एकदम दाबायचं, की अख्खी रांग पगडी फिरवते आणि नुसत्या बटणावर वाक्य येतं. पुन्हा ते दोन्ही दाबले, की पुन्हा पगडी उलटी. ही मेख मला आणि ताईला पहिल्याच दिवशी कळली. एका दुपारी मी सगळ्या मशिनांना वाक्यांची पगडी घालून ठेवली आणि कोणाला काही सांगायची वेळच आली नाही.

लोणीसाहेबाने त्यात स्वतः भर घातली. त्याने फर्मान काढलं की प्रत्येक नव्या लॅपटॉपवर पहिल्याच दिवशी शब्दांच्या पट्ट्या पक्क्या डिंकाने चिकटवायच्या, आणि कोणी उपटायच्या नाहीत. खालची चित्रं कोणी धड पाहिलीही नाहीत. लग्नाआधीच नवरीचं तोंड झाकावं आणि मग जन्मभर अंदाज करत बसावं, तसला प्रकार.

आणि मग ती पुस्तिका निघाली. गुळगुळीत कागद, निळं मुखपृष्ठ, ‘जलद उत्तर पद्धती’. खाली: संकल्पना व मांडणी, आणि त्याखाली लोणीसाहेबाचं नाव. आत ताईची बारा वाक्यं, काना-मात्रेसकट. सोबत वरती एक शिफारस गेली होती: पत्रविभागाचं प्रमुखपद रिकामं होतंय ते साहेबांना द्यावं, आणि ताईला तळघरात जुन्या फायली लावायला पाठवावं. सोमवारी संचालकांपुढे प्रात्यक्षिक, आणि तिथेच दोन्ही आदेशांवर सही.

ताई त्याच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिली. मी पलीकडे एका मशिनाचं झाकण उघडून बसलो होतो, म्हणजे कान उघडून.

“हे माझं आहे,” ती म्हणाली.

“आपलं आहे, ताई! माझं-तुझं काय करायचं? आपण एक कुटुंब.”

“मग कुटुंबातल्या थोरल्या माणसाला तळघरात का धाडताय?”

“तुमच्या काळजीने हो. तिथे गारवा असतो. या वयात खिडकीचं ऊन सोसत नाही.”

ताईच्या कपाळावर एक शीर उठली, एवढंच. ती शीर मी लग्नात पाहिली होती, माझ्याकडच्यांनी जेवणात खोट काढली तेव्हा. त्यानंतर माझ्या एका काकांनी आमच्या घरी पुन्हा पाऊल टाकलेलं नाही.

संध्याकाळी ती आमच्याकडे आली. “जावईबुवा,” म्हणाली, आणि मी हातातला चहा खाली ठेवला. ऑफिसात मी मिस्त्री, घरी नुसता ‘अहो’. जावईबुवा झालो म्हणजे काम अवघड.

“त्याचं मशीन बिघडवून टाकू का?” मी आपणहून विचारलं. “एक स्क्रू इकडचा तिकडे.”

“यांची धाव स्क्रूपर्यंत,” बायको आतून म्हणाली.

“मशीन बिघडलं तर त्याला निमित्तच मिळेल,” ताई म्हणाली. “मशीन ठणठणीत राहिलं पाहिजे. बिघडलेला तो दिसला पाहिजे. मी रोज सकाळी त्याच्या टेबलावर फाईल ठेवायला जाते. एफएन आणि एस्केप. तुम्ही फक्त एक करायचं. त्याने बोलावलं की जायचं, दुरुस्त करायचं, त्याच्यासमोर चालवून दाखवायचं, आणि निघताना पुन्हा उलटं करून यायचं.”

“आणि पकडलो गेलो तर?”

“पकडतील कशाने? बटण दाबल्याच्या खुणा राहतात का?”

मंगळवारी सकाळी सुरुवात झाली. लोणीसाहेबाने पहिलं पत्र घेतलं आणि सवयीने पाच दाबला. दिलगिरी उमटली नाही, पडदा जरा मंद झाला. त्याने पुन्हा पाच दाबला. आणखी मंद. लोणी लावणाऱ्या माणसाला दिलगिरीशिवाय पत्र पुढे रेटता येत नाही. सात-आठ वेळा माफी मागून झाल्यावर पडदा अमावस्येसारखा झाला, आणि साहेब त्यात आपलंच तोंड बघत बसले. मग चौकशी सुरू केली, तर इंटरनेट गेलं. कार्यवाही करायला गेले, तर बोट फिरवायची पाटी मेली.

“मिस्त्री!”

मी गेलो. एक हात कोपऱ्यावर, दोन टिचक्या, चार-सहा बटणं. सगळं लख्ख. “साहेब, मशीन ठणठणीत.”

“आत्ता बंद होतं हो!”

“माझ्यासमोर दाबा बरं.”

त्याने पाच दाबला. दिलगिरी उमटली. तेरा टेबलांवरची तेरा तोंडं खाली वाकली, हसू लपवायला. मी फाईल उचलून देण्याच्या निमित्ताने पगडी उलटवली आणि निघालो. दारापर्यंत पोचलो नाही तोच, “मिस्त्री!”

चार दिवस हेच. बुधवारी मी त्याला म्हणालो, साहेब, तुमच्या बोटांत वीज फार दिसते, अंगठी काढून बघा. त्याने काढली. गुरुवारी म्हणालो, रबरी चपला घाला. दुसऱ्या दिवशी सुटाखाली रबरी चपला. त्याने दुसऱ्याचं मशीन मागून पाहिलं, पण त्या मशिनावर फाईल ठेवायलाही ताई होतीच. शेवटी त्याने कपाळावर आठ्या घालून एक पट्टी नखाने खरवडली. खाली अर्धा सूर्य दिसला.

“मिस्त्री, हा सूर्य कसला?”

“कंपनीचा शिक्का, साहेब.”

“प्रत्येक बटणावर?”

“चोऱ्या फार होतात.”

त्याने पट्टी पुन्हा डिंकाने चिकटवली. स्वतःच्या हाताने.

शनिवारी ताई म्हणाली, “आज सुटू दे त्याला. घाबरून प्रात्यक्षिक पुढे ढकललं तर सगळं मुसळ केरात.” म्हणून शनिवारी मशीन गाईसारखं वागलं. साहेबाने तीस पत्रं हातावेगळी केली, माझ्या पाठीवर थाप मारली आणि शीळ घालत घरी गेला. बोकडाला कापायच्या आधी चारा घालतात, तसं मला वाटलं. पण मेहुणीपुढे बोकडाची बाजू कोण घेणार?

सोमवारी अकरा वाजता पाचव्या मजल्यावरची बैठकीची खोली. टेबलाच्या टोकाला मोठ्या बाई, म्हणजे आमच्या संचालिका. बाईंना बोललेलं कमी आणि झालेलं जास्त आवडायचं. भिंतीवर पडदा, आणि त्यात दूरच्या शाखांचे दोन संचालक व्हिडिओवर. मागच्या खुर्चीत ताई, बदलीचा आदेश हातात घ्यायला बोलावलेली. कोपऱ्यात वायरी सांभाळत मी. आणि मधोमध लोणीसाहेब, त्याचा लॅपटॉप, त्याची निळी पुस्तिका. लॅपटॉप खोलीत आणून ठेवायचं काम कोणी केलं, हे विचारू नका.

“खरीखुरी तक्रार घेऊ,” बाई म्हणाल्या आणि एक पत्र पुढे सरकवलं. चौथ्या मजल्यावर राहणारी एक आजी, नऊ दिवस पाणी नाही.

“दोन मिनिटांत उत्तर,” लोणीसाहेब म्हणाला आणि वरच्या रांगेवर बोटं ठेवून असा हसला, जसं पेटीवाल्याने मैफलीपूर्वी हसावं.

एक. भिंतीवर काही उमटलं नाही, फक्त आवाज बंद झाल्याची खूण आली. चार. माइक बंद. व्हिडिओतले संचालक म्हणाले असावेत, “आपला आवाज येत नाही.” पण मशीन मुकं झाल्यामुळे ते आम्हालाही ऐकू आलं नाही. ते तिकडे तोंड हलवतायत, हा इकडे. पाच, पाच, पाच, पाच. लॅपटॉपचा पडदा काळाठिक्कर. मौज अशी, की त्याला काही दिसत नव्हतं आणि भिंतीवर आम्हाला सगळं दिसत होतं. नऊ. बाण जागच्या जागी गोठला. आठ. दोन्ही संचालक भिंतीवरून पुसले गेले.

“काय चाललंय?” मोठ्या बाई.

“चौकशी सुरू आहे, बाई,” साहेब म्हणाला. तोंडातून तेच निघालं, सवय.

पंधरा मिनिटं गेली. त्याने अंगठी काढली, ती टेबलाखाली घरंगळली. चपला काढल्या, पुन्हा घातल्या. एक ओळही उमटली नाही. ताईकडे मी पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर मुरत घातलेल्या लोणच्याचं समाधान होतं.

मग बाईंनी निळी पुस्तिका उचलली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. “ही पद्धतच बाद. उद्यापासून विभागात सगळ्या मशिनांवरून हे काढून टाका. लोकांनी सरळ हाताने पत्रं लिहावीत.”

ताईचं समाधान जागीच विरलं. बावीस वर्षं! साहेबाला खड्ड्यात ढकलताना त्याच्या कमरेला आपलंच गाठोडं बांधलेलं आहे, हे आम्हा दोन शहाण्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. गप्प बसली तर तिची बारा वाक्यं कचऱ्यात. उठून सगळ्यांदेखत पगडी फिरवली, तर पद्धत वाचेल, पण साहेब ओरडेल, ‘बघा, माझी पद्धत चालतेच आहे!’ आणि खुर्ची त्याला मिळेल. मी तिला डोळ्यांनी विचारलं, काय करायचं? तिने माझ्याकडे पाहिलंही नाही.

“बाई,” ती उठून म्हणाली, “तळघरात जायच्या आधी एक पत्र लिहू द्याल?”

“त्याच मशिनावर?”

“त्याच.”

साहेबाने जागा दिली. ताई बसली. आधी तिने नुसती बटणं दाबली, एखाद्या रुसलेल्या पोराच्या गालावर टिचक्या माराव्यात तशी. पडदा उजळला, बाण हलला, आवाज परत आला, भिंतीवर दोन्ही संचालक उगवले. आणि मग तिने डाव्या हाताची करंगळी खालच्या कोपऱ्यात एफएनवर ठेवली आणि ती उचललीच नाही. पगडी न फिरवता, एका करंगळीच्या जोरावर, उजव्या हाताने ती वरची रांग वाजवत गेली. आपले पत्र मिळाले. दखल. दिलगीर. मधल्या ओळी, आजीचं नाव, मजला, नऊ दिवस, हे सगळं त्याच उजव्या हाताने खालच्या अक्षरांवरून. पाऊण मिनिटात पत्र भिंतीवर. मी घड्याळ लावून पाहिलं होतं. माझं घड्याळ पुढे पळायचं, म्हणजे खरं तर अर्ध्याच मिनिटात.

व्हिडिओतला एक संचालक टाळ्या वाजवायला लागला.

“हे कसं केलंत?” बाई म्हणाल्या.

“बटणं दाबून.” ताई उठली आणि खुर्ची साहेबाकडे वळवली. “या ना. मांडणी तुमचीच आहे. आता मशीनही चालतंय.”

लोणीसाहेब बसला. त्याने पाच दाबला. पडदा एक पायरी मंद झाला. त्याने पाच दाबला. आणखी एक पायरी.

“या बाईने काहीतरी केलंय!” तो किंचाळला. तोंडातलं सगळं लोणी वितळून गेलं होतं. “आठवडाभर हेच चाललंय! मिस्त्रीला विचारा!”

बाई माझ्याकडे वळल्या. “मिस्त्री, मशिनात काही बिघाड?”

“शपथ घेऊन सांगतो, बाई,” मी म्हणालो, “सुईच्या टोकाएवढाही नाही.” जन्मात जी दोन-तीन खरी वाक्यं बोललो असेन, त्यातलं हे एक.

बाईंनी वाकून डब्यातून पुस्तिका काढली, झटकली, पहिलं पान पाहिलं. “ही कोणी लिहिली?” साहेबाने उत्तर देण्यासाठी सवयीने एक बटण दाबलं, आणि माइक बंद झाला.

दोन्ही आदेशांवर सही झाली, फक्त नावांची अदलाबदल करून. विभागप्रमुख ताई. तळघरात लोणीसाहेब. तो सामान बांधत होता तेव्हा ताई म्हणाली, “तळघरात कशाला? या वयात गारवा सोसत नाही. इथेच राहू द्या त्याला, माझ्या हाताखाली. टाइपिंग शिकवते.” बाईंना वाटलं, काय मन मोठं! माझ्या बायकोला ही गोष्ट सांगितली तर ती म्हणाली, “तळघर परवडलं असतं बिचाऱ्याला.”

टाइपिंगच्या क्लासात नवख्याच्या हातांवर फडकं टाकतात, बटणं बघायची सवय मोडावी म्हणून. शेहेचाळीस वर्षांचा तो माणूस रोज दहा ते अकरा, तेरा कारकुनांसमोर, हातांवर फडकं घेऊन बसायचा. वरच्या रांगेला हात लावायची परवानगी नव्हती. एकच वाक्य, अक्षर अक्षर, पानभर: झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. ताई पान घ्यायची, लाल पेन्सिलीने गोल काढायची आणि परत द्यायची. “चौथ्या ओळीतलं ‘दिलगीर’ कच्चं आहे. पुन्हा.”

सहा महिन्यांनी एकदा तो फडक्याखालून हात काढून हळूच म्हणाला, “ताई, एवढं सांगा. त्या दिवशी बटणं तुमचंच का ऐकत होती?”

“फडकं,” ताई म्हणाली. त्याने हात पुन्हा आत घेतले.

खरं सांगतो, मला त्याची थोडी दया आली. जिन्यात मी ताईला गाठलं. “झालं की आता. त्या एफएनचं सांगून टाका त्याला. दोन शब्दांचं तर काम.”

“सांगणार आहे ना. निवृत्तीच्या दिवशी.”

“अहो, तुमच्या निवृत्तीला अजून अडीच वर्षं आहेत!”

“माझ्या नाही,” ती पायऱ्या उतरत म्हणाली. “त्याच्या.”

“त्याला तर चांगली बारा वर्षं बाकी. तोवर तुम्ही इथे असाल का?”

“नसेन. पण त्याच्या घरचा पत्ता मी लिहून घेतलाय.”